व्हिसाचे पैसे कोणी भरायचे?

(विष्णुपुरी, नांदेड इथे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पहिल्या दोन रांगांत पालक बसलेत हे बघून बरं वाटलं. आज मी जे सांगणार आहे ते पोरांपेक्षा पालकांनी ऐकायला हवं. पैसे शेवटी त्यांच्याच खिशातून जातात.

मी इथलाच. २००८ ते २०१२ ही चार वर्षं याच विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंघजी इन्स्टिट्यूटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकलो. घर देगलूर नाक्याला. अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत व्होल्टेज पडायचं, शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळायच्या आणि आमच्या दुकानाला दिवाळी यायची. आज मी जर्मनीत विजेच्या ग्रिडसाठी सॉफ्टवेअर लिहितो. व्होल्टेज पडू नये म्हणून. अब्बा म्हणतात, तू माझ्या धंद्याच्या मुळावर उठलास.

पहिली कंट्रोल रूम मी परळीच्या औष्णिक केंद्रात बघितली, तिसऱ्या वर्षाच्या ट्रेनिंगमध्ये. पुढे २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडे वीज आणि पाणी ही एकच गोष्ट आहे. एनर्जी इंडस्ट्री म्हटलं की पोरांना फक्त समुद्रातली तेलाची विहीर दिसते, म्हणून हे आधी सांगितलं.

आता मुद्द्यावर येतो.

२०१२ मध्ये शेवटच्या सेमिस्टरला मला एक ईमेल आला. आखातातल्या एका नावाजलेल्या तेल कंपनीचा लोगो, सही, शिक्का, सगळं. पद 'ग्रॅज्युएट इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर', पगार अब्बांच्या दुकानाच्या वर्षाच्या कमाईइतका, तोही दर महिन्याला. मुलाखत झालीच नव्हती. मला वाटलं, सी.व्ही.च इतका चांगला आहे! खाली एक ओळ होती: व्हिसा आणि मेडिकलचे ६८,५०० रुपये भरा, जॉइन झाल्यावर परत मिळतील. अब्बांनी अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवल्या. अकरा दिवस मी मेलबॉक्स उघडून बसायचो. बाराव्या दिवशी तो नंबर बंद लागला. त्या कंपनीचा यात काही संबंधच नव्हता, कुणीतरी तिचं नाव वापरलं होतं.

अब्बा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बांगड्या सोडवायला दोन उन्हाळे गेले. मी पुण्यात १४,००० रुपयांवर लागलो.

म्हणून आजच्या भाषणाचं नाव हे आहे. व्हिसाचे पैसे कोणी भरायचे? स्पॉन्सर या शब्दाचा अर्थच असा, की ज्याला माणूस हवा आहे तो खर्च उचलतो. ब्रिटनमध्ये स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फी आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज या दोन गोष्टी मालकाला कामगाराकडून वसूल करता येत नाहीत. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगारावर टाकायला बंदी आहे, पासपोर्ट काढून घ्यायलाही बंदी आहे. आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जी.एस.टी., म्हणजे ३५,४०० रुपये. तेही पावती देऊन. इतवाऱ्यात दीड-दोन लाखांचा भाव चालतो तो कशाचा, हे एजंटलाच विचारा. आधी पावती मागा. निम्मे तिथेच गळतील.

एजंट खरा की खोटा हे बघायला कुणाच्या मामाला फोन करायची गरज नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. नाव, लायसन्स नंबर, मुदत. एजंट म्हणतो, लायसन्स मुंबईच्या ऑफिसचं आहे, मी त्यांचा माणूस. हा 'त्यांचा माणूस' म्हणजे सबएजंट, आणि त्याला कायद्यात जागा नाही. पैसे त्याच्या खात्यावर टाकले की ते तुमचे राहत नाहीत. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे, १८००-११-३०९०.

तीन शब्द कान उघडे ठेवून ऐका. पहिला, आझाद व्हिसा. कागदावर एक कफील, प्रत्यक्षात काम नाही, तिकडे जाऊन स्वतः शोधायचं आणि कफीलला वर्षाला पैसे द्यायचे. असा माणूस दुसरीकडे काम करताना पकडला गेला तर बेकायदेशीर ठरतो. नावात आझाद आहे, एवढंच. दुसरा, व्हिजिट व्हिसा. 'आधी व्हिजिटवर चल, तिकडे बदलून घेऊ.' कधी बदलतोही, पण बदलला नाही तर तिथल्या कामगार न्यायालयात तुमच्या हातात काय कागद आहे? तिसरा, पुशिंग. ई.सी.आर. पासपोर्टवाल्याला क्लिअरन्सशिवाय विमानतळावरून 'ढकलणं'. तुम्ही दहावी पास आहात, तुमचा पासपोर्ट ई.सी.आर. नसतो, त्यामुळे हे तुम्हाला लागू नाही. पण तुमच्या गल्लीतल्या आठवी शिकलेल्या फिटरला लागू आहे. आखातासह १८ देशांसाठी त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. तो कटकट वाटतो, पण त्यामुळेच त्याचा करार सरकारी नोंदीत येतो आणि त्याचा प्रवासी भारतीय विमा निघतो, १० लाखांचा. सौदीला जाणाऱ्या वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांना आता तकामुलची कौशल्य परीक्षाही द्यावी लागते. हे घरी जाऊन सांगा. इंजिनीअर पोरानं मोहल्ल्यासाठी एवढं तरी करावं.

आता तुमच्या कागदांचं. हे रटाळ आहे, पण माझे सगळ्यात जास्त महिने इथेच गेले.

पहिली गोष्ट, नाव. मराठवाड्यात आपली नावं कशी असतात? शेख अमुक शेख तमुक. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर दोन रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव. कुणी पहिला शेख आडनावात टाकतो, कुणी दुसरा, कुणी आडनावाचा रकाना रिकामाच सोडतो. इंग्रजीत शेखची स्पेलिंगं तर चार. दहावीला एक, डिग्रीला दुसरी, आधारला तिसरी. इथे कुणाला फरक पडत नाही, सगळ्यांना माहीत असतं हा रिवाइंडिंगवाल्याचा पोरगा. परदेशातला पडताळणी करणारा माणूस मात्र म्हणतो, ही दोन वेगळी माणसं आहेत. माझं तेच झालं. राजपत्रात जाहिरात, प्रतिज्ञापत्र, विद्यापीठात अर्ज, पुन्हा पासपोर्ट. पाच महिने. नोकरी मिळाल्यावर हे करायला वेळ नसतो. आज संध्याकाळी हॉस्टेलवर सगळे कागद जमिनीवर पसरा आणि नाव अक्षर अक्षर जुळवा. देशमुख, जाधव, कांबळे, तुम्हीही. तुमच्या वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही ते बघा.

दुसरी गोष्ट, डिग्री. कॉलेजचं नाव आपल्या तोंडात असतं, पण डिग्रीवर विद्यापीठाचं नाव असतं. आमच्या वेळी ते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होतं. जर्मनीत 'अनाबिन' नावाचा सरकारी डेटाबेस आहे. त्यात तुमची संस्था आणि तुमची पदवी दोन्ही बघतात. पोरं कॉलेजचं नाव शोधतात, सापडलं नाही की नाराज होतात. डिग्रीवर जे छापलंय ते शोधा. तिथेही नसेल तर 'झेड.ए.बी.' या कार्यालयाकडून पदवीचं तुलनापत्र मागवता येतं. फी लागते, ती तुमची, आणि ती त्या कार्यालयाला थेट भरायची.

तिसरी, मान्यता. एन.बी.ए. हे अक्षरं कॉलेजच्या फाटकावर वाचून तुम्ही रोज आत जाता. त्याची किंमत २०१८ मध्ये कुवेतमध्ये कळली. तिथल्या सरकारनं ठरवलं, की इंजिनीअर म्हणून राहण्याचा परवाना हवा तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनीअर्सचं ना-हरकत पत्र हवं. आणि सोसायटी म्हणाली, भारतीय डिग्री असेल तर ती एन.बी.ए.च्या यादीतली हवी. दहा-पंधरा वर्षं तिथल्या रिफायनऱ्यांत इंजिनीअर म्हणून काम केलेले लोक अडकले. काहींनी शिकत असताना त्यांच्या कोर्सला मान्यता नव्हती, काहींच्या वेळी एन.बी.ए.चाच जन्म झाला नव्हता, कारण ती सुरू झाली १९९४ मध्ये. कित्येकांना व्हिशावरचं पद बदलून घ्यावं लागलं. काम तेच, खुर्ची तीच, कागदावर इंजिनीअर नाही. तेव्हा तुमच्या कॉलेजला मान्यता आहे का, असं विचारू नका. तुमच्या शाखेला, तुम्ही शिकलात त्या वर्षांत होती का, हे विचारा आणि त्या पत्राची प्रत आजच ऑफिसातून घेऊन ठेवा. सौदीतही इंजिनीअरला सौदी कौन्सिल ऑफ इंजिनीअर्सची नोंदणी लागते, डिग्रीची पडताळणी होते. खोट्या अनुभवपत्रानं एकदा विमान चढता येतं. या पडताळणीत ते निघतं, आणि मग त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

आता काम कुठे आहे.

आखातात आहे, अजूनही आहे. कतार नॉर्थ फील्डमधून वर्षाला ७७ दशलक्ष टन एल.एन.जी. काढत होता, ते १४२ वर न्यायचं त्यांचं ठरलंय. अमिरातीत बराका अणुकेंद्राचे चारही संच चालू झाले, ५,६०० मेगावॉट. जुबैल, रुवैस, सोहार इथे रिफायनऱ्या आणि केमिकल प्लांट एकमेकांना खेटून आहेत. पण ऐका, फ्रेशरला तिथून थेट बोलावणं जवळजवळ येत नाही. मुंबईत अंधेरी-साकीनाक्याला ज्या मुलाखती होतात त्यांत पहिला प्रश्न असतो, किती वर्षं आणि कुठल्या प्लांटवर? म्हणून २०१२ मधलं माझं पत्र खोटंच असायला हवं होतं, हे मला आज कळतं.

मग रस्ता कुठून जातो? इथूनच. जामनगर, हजिरा, उरण, माहुल. पुण्यातल्या ऑटोमेशन कंपन्या. सबस्टेशनची कामं घेणारे ठेकेदार. चार वर्षं मी पुण्यात स्काडा आणि पी.एल.सी.चं काम केलं, महिन्यातले पंधरा दिवस साइटवर. २०१६ मध्ये ओमानला गेलो ते त्या चार वर्षांच्या जोरावर. सी.व्ही.त 'स्काडाचं ज्ञान' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. '१३२ के.व्ही. सबस्टेशनच्या चार बेंचं आय.ई.सी. ६१८५० कॉन्फिगरेशन केलं, साइटवर टेस्ट केलं,' असं लिहा. केलं असेल तरच. मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न त्याच चार बेंवर विचारतो.

मेकॅनिकलवाल्यांना ए.पी.आय. ५१०, ५७०, वेल्डिंग इन्स्पेक्शनची सर्टिफिकेटं उपयोगी पडतात, पण त्यांनाही अनुभवाची अट असते. सेफ्टीचे कोर्स विकणारी दुकानं नांदेडपर्यंत आली आहेत. नेबोश चांगलं आहे, पण शेवटच्या वर्षाच्या पोरानं कर्ज काढून ते करावं असं मला वाटत नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांना एक सांगतो, पॉवर सिस्टिम स्टडी शिका. लोड फ्लो, शॉर्ट सर्किट, प्रोटेक्शन कोऑर्डिनेशन. तुम्हाला कंटाळवाणा वाटणारा तो विषय जगभर माणसं शोधतोय, कारण प्रत्येक पवनचक्की आणि सोलर प्लांट ग्रिडला जोडण्याआधी हा अभ्यास लागतो. आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, एनर्जी म्हणजे आपलं काम नाही असं समजू नका. मी दिवसभर कोडच लिहितो. फरक इतकाच, की माझ्या कोडमध्ये चूक झाली तर वेबसाइट बंद पडत नाही, ब्रेकर ट्रिप होतो.

ओमानमधली नोकरी सोडताना माझ्या मालकानं ना-हरकत पत्र दिलं नाही. तेव्हा नियम होता, ते पत्र नसेल तर दोन वर्षं त्या देशात दुसरी नोकरी नाही. तो नियम १ जानेवारी २०२१ पासून गेला. कतारनं २०२० मध्ये बदल केला, सौदीनं २०२१ मध्ये काही अटींवर नोकरी बदलायला मोकळीक दिली, घरकामगार वगळून. परिस्थिती पूर्वीसारखी नाही. तरी करार सही करण्याआधी वाचा, आणि पगाराच्या आकड्यासोबत राहण्याची जागा विचारा. किती माणसं एका खोलीत? १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, चाळीसहून जास्त भारतीय गेले. खोलीबद्दल विचारणं हा नखरा नाही.

युरोपचं गणित वेगळं आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये प्रत्येक कंपनी परदेशी माणूस बोलावू शकत नाही, सरकारमान्य स्पॉन्सर असावी लागते आणि ती यादी सरकार वेबसाइटवर टाकतं. ऑफर आली की आधी यादीत नाव शोधा. दोन मिनिटांचं काम. ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड केली. त्याहून बऱ्याच कमी पगाराचं पत्र घेऊन कुणी 'व्हिसा पक्का' म्हणाला तर त्याला सवलतीचा नियम दाखवायला सांगा.

जर्मनीत स्पॉन्सरची अशी यादीच नाही. कुठलीही खरी कंपनी करार देऊ शकते आणि अर्ज तुम्ही स्वतः करता. ब्लू कार्डसाठी २०२५ ची पगारमर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. इंजिनीअर, आय.टी. अशा तुटवड्याच्या क्षेत्रांना आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ४३,७५९.८० युरो. दर वर्षी ती वाढते. अणुभट्ट्या त्यांनी १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या. वारा उत्तरेला, कारखाने दक्षिणेला, आणि वीज खाली आणायला सुमारे ७०० किलोमीटरची सूडलिंक लाइन जमिनीखालून टाकताहेत. काम आहे. ब्लू कार्डला जर्मन भाषेची अट नाही, हेही खरं. पण कंट्रोल रूममध्ये रात्री दोन वाजता अलार्म वाजतो तेव्हा माणसं इंग्रजीत ओरडत नाहीत. मी भाषेशिवाय गेलो आणि पहिलं दीड वर्ष बैठकींत मुक्यासारखा बसलो. बी१ केलं की कायमचा परवाना २७ महिन्यांऐवजी २१ महिन्यांत मिळतो, तो फायदा वेगळाच. घरी दखनी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या पोराला चौथी भाषा जड जाऊ नये. आपण लाजतो, एवढंच.

सगळ्यात सोपा रस्ता मात्र कुणी सांगत नाही. ज्या जर्मन, डॅनिश, जपानी कंपन्यांची ऑफिसं पुण्यात, चेन्नईत, बंगळुरूत आहेत, तिथे लागा, तीन वर्षं काम करा आणि आतूनच बदली मागा. व्हिसाचा खर्च कंपनी करते, एजंट हा माणूसच मधे येत नाही. अमेरिकेबद्दल विचाराल, तर सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावलेत. तुमच्यासाठी इतके कोण भरणार ते तुम्हीच ठरवा.

मघाशी एका आईनं विचारलं, मुलीला पाठवावं का. माझ्या टीममध्ये तीन मुली आहेत, त्यातली एक आपल्याच मराठवाड्यातली. तिचे वडील आधी तयार नव्हते. त्यांनी माझ्याकडून तिचा करार मागवला, मुलाकडून वाचून घेतला, कंपनीचा पत्ता नकाशावर बघितला आणि एकच प्रश्न विचारला, परत यायचं झालं तर तिकीट कोण देतं? मला वाटतं मुलाच्या वेळीही बापानं हेच विचारावं. मुलीच्या बाबतीत आपण जास्त सावध असतो आणि मुलाला मात्र कुठल्याही आझाद व्हिशावर ढकलतो.

आणखी एक ऐकू येतं, विशेषतः आमच्या मोहल्ल्यात. 'इथे आपल्याला कोण घेतंय, बाहेरच जायचंय, मग कागद कसला बघता?' यातलं पहिलं वाक्य मी खोडून काढणार नाही. पुण्यात नाव ऐकून खोली नाकारणारे मला भेटलेत. नाव न विचारता पी.एल.सी. शिकवणारे कुलकर्णी सरही तिथेच भेटले. पण घाईत असलेल्या माणसाचा भाव एजंट चेहऱ्यावरून ओळखतो. ६८,५०० चा आकडा त्यानं असाच काढला असेल.

बस. आता प्रश्न. ज्यांच्याकडे ऑफर लेटर आलेलं आहे त्यांनी आधी पुढे या. मोबाईलवर असेल तर स्क्रीनशॉट नको, मूळ ईमेल उघडून ठेवा. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता मला बघायचा आहे.